पाठीशी बांधलेले मूल : ‘माझा प्रवास’ आणि राष्ट्राची स्मृती

विष्णुभट गोडसे वरसईकर यांच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकाची मराठी वाचकास दोन प्रकारे ओळख करून दिली जाते. मराठीतील आरंभीच्या प्रवासवर्णनांपैकी एक म्हणून वाङ्मयेतिहासकार त्याचा गौरव करतात, आणि १८५७ च्या घटनांचे एका एतद्देशीयाने लिहून ठेवलेले दुर्मीळ साक्षीवृत्त म्हणून इतिहासकार त्याकडे वळतात. दोन्ही ओळखी यथार्थ आहेत. परंतु नर्मदेच्या उत्तरेस पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्या मंडळींना या पुस्तकाचे आणखी एक प्रयोजन आहे. राष्ट्र आपली स्मृती कशी घडविते, तीत कोणाला जागा देते आणि कोणाला उंबऱ्याबाहेर ठेवते, हे पडताळून पाहण्यासाठी ‘माझा प्रवास’ इतके उपयोगी दुसरे मराठी पुस्तक माझ्या पाहण्यात नाही.

१८८२ मध्ये फ्रेंच पंडित अर्नेस्ट रेनां याने पॅरिसमध्ये ‘राष्ट्र म्हणजे काय?’ या विषयावर एक व्याख्यान दिले. समान आठवणींइतकेच समान विस्मरणही राष्ट्राच्या घडणीस आवश्यक असते, आणि म्हणूनच इतिहासाचा काटेकोर अभ्यास राष्ट्रभावनेस कित्येकदा अडचणीचा वाटतो, असे त्याचे प्रतिपादन होते. पुढे १९२५ मध्ये मोरीस आल्बवाक्स या समाजशास्त्रज्ञाने असे दाखविले की, माणूस एकटा आठवत नाही. कुटुंब, धर्म, वर्ग यांनी दिलेल्या चौकटीत तो आठवतो. रेनांच्या व्याख्यानानंतर वर्षभरातच, म्हणजे १८८३ च्या सुमारास, कोकणातील वरसई गावचा एक वृद्धत्वाकडे झुकलेला भिक्षुक आपल्या तरुणपणची हकीकत लिहावयास बसला. या युरोपीय पंडितांची नावेही त्याच्या कानांवर जाण्याचा संभव नव्हता. पण त्याच्या लेखनाचे पुढे जे झाले, त्यातून या दोघांच्याही सिद्धांतांची जणू सोदाहरण फोड होते.

भटजी उत्तरेकडे निघाले ते कर्जापायी. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, भरपूर दक्षिणा मिळणार, ही वार्ता त्यांना घराबाहेर काढावयास पुरेशी होती. १८५७ साली काकांसमवेत ते निघाले आणि महूच्या छावणीजवळ पोहोचेपर्यंत देश पेटला. पुढे ग्वाल्हेर, झाशी, काल्पी, चित्रकूट असे ते फिरत राहिले. मिळविलेले द्रव्य वाटेत लुटले गेले. अखेर आईवडिलांना स्नान घालण्यासाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन ते घरी परतले. त्यांच्या लेखी प्रवासाचे खरे फळ ते हेच. राज्यक्रांतीचा साक्षीदार होण्याची हौस त्यांना नव्हती. तो योग त्यांच्या कपाळी आला.

म्हणूनच या लेखनात राष्ट्र ही कल्पना शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. बंडाचे कारण म्हणून भटजी काडतुसांची गोष्ट सांगतात आणि हिंदूंच्या धर्माचारास हात घालणाऱ्या चौऱ्याऐंशी कलमांची एक यादी निघाल्याचेही सांगतात. अशी यादी सरकारी दप्तरात शोधणे व्यर्थ आहे. परंतु लोक ती खरी मानत होते आणि त्या विश्वासावर जीव देत होते, एवढे त्यावरून निश्चित कळते. अफवा हा इतिहासाचा पुरावा नव्हे असे म्हणून ती टाकून देणाऱ्यास १८५७ ची मनःस्थिती कळणार नाही. भटजींच्या मनातील चौकट धर्माची आहे, दानाची आहे, धन्याच्या मिठाची आहे. त्यांच्या पुस्तकाच्या उपशीर्षकात शब्द आहे तो ‘बंड’. तोच शब्द पुढे बदलत गेला. सावरकरांनी त्याचे ‘स्वातंत्र्यसमर’ केले, न. र. फाटकांनी ‘शिपाईगर्दी’ म्हटले, हिंदी मुलखात ‘गदर’ रूढ झाला. एकाच घटनेची ही नावे म्हणजे चार वेगवेगळ्या चौकटी होत, आणि कोणत्या चौकटीत आपण आठवतो यावर आपण स्वतःला कोण समजतो हे पुष्कळसे ठरते.

भटजींची राणी लक्ष्मीबाई वाचताना याची प्रचीती येते. पुतळ्यावरून आणि पाठ्यपुस्तकावरून मनात ठसलेली राणी येथे नाही. येथे पहाटे उठून व्यायाम करणारी, घोड्यांची उत्तम पारख असलेली, महालक्ष्मीच्या दर्शनास जाणारी, दानधर्मात सढळ आणि शिक्षेत कठोर अशी एक तरुण विधवा आहे. राजवाड्याविषयीच्या गावगप्पाही भटजी संकोच न करता सांगून टाकतात. आणि झाशी पडल्यानंतर काल्पीच्या वाटेवर, एका विहिरीपाशी, धुळीने माखलेली, तहानलेली राणी त्यांना भेटते तो प्रसंग तर मराठी गद्यातील फार थोड्या प्रसंगांच्या पंक्तीस बसेल. तेथे ती आपल्या एकटीच्या अल्प गरजांचे आणि तरीही पत्करलेल्या या वणव्याचे जे बोलते, त्यात पराभवाची जाण आहे, थकवा आहे, पण तक्रार नाही. राणीचे मोठेपण भटजींनी सिद्ध करून दाखविलेले नाही. पाण्याच्या निमित्ताने ते आपोआप प्रकट झाले आहे.

याच भटजींनी १८५८ च्या एप्रिलमधील झाशीची कत्तल दडून बसून पाहिली. लूटही कशी क्रमाने झाली, आधी सोनेनाणे, मग भांडी, मग कापड, शेवटी धान्य, हे ते एखाद्या हिशेबनिसाच्या तटस्थपणे नोंदवितात. नामांकित ग्रंथसंग्रहाची धूळधाण झाली याची हळहळ त्यांना माणसांच्या मृत्यूइतकीच आहे. या भागाच्या वाचनात एक गोष्ट आपण सहसा विसरतो. झाशीवर चालून आलेल्या ह्यू रोझच्या फौजेत केवळ गोरे नव्हते. मुंबई इलाख्याच्या देशी पलटणी तीत होत्या, मद्रासचे लोक होते, हैदराबाद कंटिन्जंट होते. मुंबईच्या पलटणींत कोकणातील आणि देशावरील शिपाई भरती होत असत. म्हणजे तटाच्या आत मराठी बोलणारे होते, तसे बाहेरही असणार. राष्ट्राच्या नंतरच्या कथेत ही गोष्ट मावत नाही, म्हणून ती सांगितली जात नाही.

आता या लेखनाचे पुढे काय झाले ते पाहू. ज्यांच्या इच्छेवरून ते लिहिले गेले त्या चिंतामणराव वैद्यांनी भटजींच्या निधनानंतर १९०७ मध्ये ते प्रसिद्ध केले. वैद्य हे थोर विद्वान; ग्वाल्हेर संस्थानात न्यायाधीशाच्या उच्च पदावर त्यांनी काम केले. त्यांनी भटजींची भाषा तत्कालीन शिष्ट मराठीत आणली, मजकूर बेताबेताने छाटला, कोठे भर घातली. दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून संहिता सिद्ध करून १९६६ मध्ये छापली, तेव्हा दोहोंतील अंतर सर्वांस दिसले. वैद्यांना दोष देणे सोपे आहे. पण १९०७ हे साल ध्यानात घ्यावे. परकीय सत्तेची नजर होती, आणि सुशिक्षित मराठी समाजाला आपला भूतकाळ नेटका, सभ्य, चारचौघांत मिरविण्याजोगा हवा होता. भिक्षुकाची ओबडधोबड आठवण राष्ट्राच्या दिवाणखान्यात नेण्यापूर्वी तिला धूतवस्त्र नेसविणे वैद्यांना कर्तव्य वाटले असेल. त्यांचा मोठेपणा असा की, त्यांनी मूळ हस्तलिखित नष्ट केले नाही. ते पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात सुरक्षित राहिले, म्हणूनच पोतदारांना आपले काम करता आले. संपादकाने केलेला बदल आणि संपादकाने राखलेला पुरावा, या दोन्हींचा धडा येथे एकत्र मिळतो. आज हिंदीत अमृतलाल नागर यांच्या ‘आँखों देखा गदर’मुळे, आणि इंग्रजीत २०११ मधील मृणाल पांडे यांच्या व २०१४ मधील प्रिया आडारकर व शांता गोखले यांच्या अनुवादांमुळे भटजी मराठीच्या सीमेपलीकडे गेले आहेत.

त्याच काळात राणीची प्रतिमाही घडत होती. दत्तात्रय बळवंत पारसनिसांनी १८९४ मध्ये तिचे चरित्र प्रसिद्ध केले. इंग्रज अमदानीतील ते चरित्र. झाशीतील युरोपियनांच्या हत्येशी राणीचा संबंध नव्हता, अन्यायाने तिला शस्त्र धरणे भाग पाडले, हे दाखविण्याकडे त्याचा कल होता. १९०९ मध्ये सावरकरांचे पुस्तक इंग्रजीतून निघाले, प्रकाशनापूर्वीच त्यावर बंदी आली. त्यात राणी नाइलाजाने लढणारी उरली नाही, ती स्वातंत्र्याची पुरस्कर्ती झाली. पंधरा वर्षांत एकाच स्त्रीची वकिली संपली आणि पूजा सुरू झाली. सुभद्राकुमारी चौहान यांच्या कवितेने ती हिंदी प्रदेशातील प्रत्येक शाळकरी मुलाच्या ओठांवर आणली. १९४६ मध्ये वृंदावनलाल वर्मांची कादंबरी आली, १९५६ मध्ये महाश्वेतादेवींनी बंगालीत तिचे चरित्र लिहिले.

या घडणीला केवळ खोटेपणाचे लेबल लावणे मला मान्य नाही. १९४३ मध्ये सिंगापुरात नेताजी सुभाषचंद्र बोसांनी आझाद हिंद सेनेत स्त्रियांची तुकडी उभारली आणि तिला राणी झाशीचे नाव दिले. तीत भरती झालेल्या पुष्कळ मुली मलायातील तमिळ कुटुंबांतल्या होत्या. झाशी त्यांनी पाहिली नव्हती, मराठी वा बुंदेली त्यांना कळत नव्हती. कित्येकींनी हिंदुस्थानही पाहिला नव्हता. तरी त्या नावाने त्यांनी बंदूक हाती घेतली. सामूहिक स्मृतीची ही शक्ती खरी आहे. ज्यांचे पूर्वज त्या घटनेत नव्हते त्यांनाही ती पूर्वज मिळवून देते, आणि राष्ट्र म्हणजे बहुतांशी असे मिळविलेले पूर्वजच होत.

तथापि या शक्तीची किंमत कोणीतरी मोजत असते. राणीचा पुतळा डोळ्यांपुढे आणावा. घोडा उधळलेला, तलवार उपसलेली आणि पाठीशी बांधलेले तान्हे मूल. ते मूल म्हणजे दत्तक पुत्र दामोदरराव. झाशी सोडली त्या रात्री त्यांचे वय आठ-नऊ वर्षांचे होते. पुतळ्याने त्यांना तान्हे केले. मूल जितके लहान तितकी आईची मूर्ती भव्य दिसते, हा शिल्पकाराचा हिशेब समजण्यासारखा आहे. पण ते मूल मोठे झाले. राणीच्या मृत्यूनंतर निष्ठावंत माणसांच्या आधाराने रानावनांतून लपतछपत त्यांनी दिवस काढले. १८६० मध्ये ते इंग्रजांच्या स्वाधीन होऊन इंदुरास राहिले. राज्य गेलेच होते, खासगी मालमत्ताही त्यांच्या हाती आली नाही. मिळणाऱ्या नेमणुकीवर, हक्कांसाठी अर्जविनंत्या करीत, त्यांनी उरलेले आयुष्य इंदुरातच घालविले. राणीवर अन्याय झाला अशी साक्ष देणारे एका इंग्रजाचे १८८९ मधील पत्र पारसनिसांनी आपल्या चरित्रात छापले, ते दामोदररावांनाच लिहिलेले होते. म्हणजे मातेच्या कीर्तीचा पहिला पुरावा या पुत्राकडे आला होता. १९०६ मध्ये ते इंदुरास वारले. दुसऱ्याच वर्षी ‘माझा प्रवास’ छापून झाला आणि १९०९ मध्ये राणी स्वातंत्र्यदेवता झाली.

इंदूरकरांनी या गोष्टीचा विचार करावा असे मला वाटते. सेहेचाळीस वर्षे एक माणूस या शहरात राहिला; पण राष्ट्राच्या स्मृतीत तो पाठीवरून कधी उतरलाच नाही. पराभवानंतर जगत राहणे, नेमणुकीसाठी रेसिडेन्सीचे उंबरठे झिजविणे, संसार करणे, यांना वीरगाथेत स्थान नसते. वीरगाथा मृत्यूपाशी थांबते. इतिहासाने मात्र दुसऱ्या दिवसाचीही चौकशी करावयाची असते.

ग्वाल्हेरची अडचण याहून अवघड आहे. १ जून १८५८ रोजी राणी, तात्या टोपे आणि रावसाहेब पेशवे यांच्यापुढे जयाजीराव शिंद्यांची फौज लढली नाही. ती त्यांना जाऊन मिळाली. जयाजीराव आग्र्यास गेले. सतरा-अठरा जूनच्या लढाईत राणी पडली, आणि पाठोपाठ रोझने ग्वाल्हेर घेतले. शिंदे आणि त्यांचे दिवाण दिनकरराव राजवाडे यांची निष्ठा इंग्रजांकडे होती, हे निर्विवाद आहे, आणि सुभद्राकुमारींच्या कवितेने ते जाहीर करून टाकले. ग्वाल्हेरच्या मराठी घरांतील मुलांनी ती कविता शाळेत म्हटली, आणि घरी शिंदेसरकारच्या अन्नाची, आजोबा-पणजोबांच्या सनदांची गोष्ट ऐकली. दोन्ही आठवणी एकाच मनात नांदविण्याची कसरत ज्याने केली नाही असा जुना ग्वाल्हेरकर विरळा.

या कसरतीतून दोन सवयी निर्माण झाल्या, आणि दोन्ही मला घातक वाटतात. पहिली म्हणजे राणीवर केवळ ‘आपली’ म्हणून हक्क सांगणे. तांब्यांची लेक, नेवाळकरांची सून, म्हणून ती मराठी, हे खरेच. पण तिच्यासाठी बुंदेले लढले, पठाण लढले. कोरी समाजातील झलकारीबाईला वर्मांच्या कादंबरीने लोकांपुढे आणले, दलित समाजाने तिची आठवण नेटाने जपली आणि २००१ मध्ये तिचे टपाल तिकीटही निघाले. भटजींच्या नजरेच्या कक्षेत अशी माणसे फारशी येत नाहीत. ती त्यांची मर्यादा होती. ती आपलीही असण्याचे कारण नाही. दुसरी सवय मौनाची. शिंद्यांचा विषय निघाला की जुनी मंडळी संभाषण गायनाकडे वळवितात. त्यामुळे फौजेने धन्याविरुद्ध निर्णय का घेतला, शहरातील सामान्य मराठी कुटुंबे त्या अठरा-वीस दिवसांत काय करीत होती, कोणी कोणास आश्रय दिला, या प्रश्नांची चर्चाच होत नाही. निषेध आणि समर्थन यांच्या मधोमध चौकशीची जी जागा असते, ती रिकामीच राहते.

आपल्यातीलच एका कवीने या पेचातून वेगळी वाट काढली होती. भास्कर रामचंद्र तांबे हे ग्वाल्हेर दरबारचे राजकवी. राणीच्या समाधीवरील त्यांची कविता मराठी वाचकास पाठ आहे. शिंद्यांच्या राजधानीतील कवी शिंद्यांविरुद्ध लढून पडलेल्या स्त्रीसाठी रडतो, मराठीत रडतो, आणि त्या दुःखात सहभागी होण्यास बोलावतो तो अवघ्या हिंदच्या बांधवांना! येथे दरबार, भाषा आणि राष्ट्र ही तीन वर्तुळे एकमेकांना छेदतात, पण एकाने दुसऱ्यास पुसून टाकलेले नाही. आरोप नाही, आणि लपवाछपवीही नाही. दरवर्षी अठरा जूनला फुलबागेतील समाधीपाशी जी भाषणे होतात, त्यांत हा संयम क्वचितच आढळतो.

सामूहिक स्मृती आणि इतिहास यांचे नाते वैराचे नाही. स्मृती प्रेम शिकविते, इतिहास त्या प्रेमाची परीक्षा घेतो. केवळ स्मृतीवर पोसलेली राष्ट्रीय अस्मिता चटकन दुखावते, कारण एखाद्या कागदाच्या कपट्यानेही तिला धक्का बसतो. जी अस्मिता आपल्या गैरसोयीच्या आठवणींनाही घरात जागा देते, तिला असा कागद सापडल्याचे भय नसते. झाशीच्या तटाबाहेरचा मराठी शिपाई, आग्र्यास निघून गेलेले जयाजीराव आणि इंदुरात म्हातारे झालेले दामोदरराव यांना जागा दिल्याने राणीचे तेज कमी होत नाही. ज्या जगात ती लढली ते जग किती गुंतागुंतीचे होते हे कळल्यावर तिच्या निर्णयाचे मोल अधिकच जाणवते.

या बाबतीत आपल्यावर काही विशेष जबाबदारी येते. पुण्या-मुंबईच्या अभ्यासकास जी साधने प्रवास करून मिळवावी लागतात, ती आपल्या माळ्यांवर आणि देवघराच्या फडताळांत पडून आहेत. मोडी दप्तरे, जमाखर्चाच्या वह्या, लग्नाच्या याद्या, तीर्थोपाध्यायांच्या नोंदी. मोडी वाचणारे हात दरवर्षी कमी होत आहेत, आणि घर विकताना रद्दीवाला आधी बोलावला जातो, अभ्यासक नंतर. या कागदांत कदाचित वीरगाथा निघणार नाहीत; कर्जे, दक्षिणा, भीती, आश्रय आणि तडजोडी निघतील. ‘माझा प्रवास’ही अशाच ऐवजातून उभा राहिला. ज्यांनी तो केवळ वैद्यांच्या आवृत्तीतून वाचला असेल त्यांनी पोतदारांची प्रत शेजारी ठेवून पुन्हा वाचावा, आणि कोणत्या ओळी का गळाल्या असतील याचा प्रत्येक पानावर विचार करावा. मग आपल्या घरच्या दप्तराची गाठ सोडावी. तेथे जे निघेल ते आपल्या सोयीचे असो वा नसो, त्याची नक्कल मात्र जशीच्या तशी करावी.